मधुमेह आणि दृष्टी: गोव्यासाठी तपासणीचा प्रश्न

उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकाला राजाभाऊ महाकाल यांचे नाव आहे. १९५५च्या गोवामुक्ती सत्याग्रहात त्यांना हौतात्म्य आले. माळवा आणि गोवा यांच्यातील या जुन्या नात्यात आता मधुमेहाच्या समान संकटाची भर पडली आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढ मधुमेही आहेत. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. मध्य प्रदेशात ते तुलनेने कमी असले, तरी तेथे लवकरच झपाट्याने वाढ होण्याचा इशारा अभ्यासकांनी दिला आहे.

रक्तातील वाढलेली साखर दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत करते. त्यांतून द्रव झिरपतो, मध्यभागी सूज येते. पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो किंवा पडदा सुटतो. मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोकाही वाढतो. चिंतेची बाब ही, की आरंभी वेदना नसते आणि दृष्टीही बहुधा शाबूत असते. देवास गेटवरून दिवसभर गाडी हाकणारा मधुमेही चालक तक्त्यावरील शेवटची ओळ अचूक वाचू शकतो. तरीही त्याच्या पडद्यावर विकार सुरू झालेला असू शकतो. त्यामुळे चष्म्याचा नंबर तपासणे म्हणजे डोळ्यांची पूर्ण तपासणी नव्हे.

टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी बाहुली विस्फारून अथवा छायाचित्राद्वारे पडद्याची तपासणी व्हायला हवी. साखर, रक्तदाब आणि मेदावर नियंत्रण ठेवल्यास हानी लांबते. लेसर, डोळ्यातील इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत; मात्र गेलेली दृष्टी त्यांनी पूर्ण परत येईलच असे नाही.

इंग्लंडने २००३पासून मधुमेहींच्या पडद्याची राष्ट्रव्यापी तपासणी उभारली. २००९-१०पर्यंत तेथे कामकरी वयातील अंधत्वाच्या कारणांत हा विकार प्रथम क्रमांकावर राहिला नव्हता. रुग्ण स्वतःहून नेत्रतज्ज्ञाकडे येईल याची वाट न पाहता त्याला बोलावून घेणे, हे त्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. गोव्यासारख्या लहान राज्याला हे अशक्य नाही. जेथे साखर तपासली जाते, त्याच आरोग्य केंद्रात पडद्याचे छायाचित्र घेण्याची सोय झाली, तर अनेकांची दृष्टी वेळीच वाचेल.