वास्तुरचनाकारांची तक्रार आणि मक्तेदारीचे अर्थशास्त्र

जुलै २०२० मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखांना एक अनावृत पत्र गेले. ते लिहिणाऱ्या २५ वास्तुरचना संस्था बहुतांशी ब्रिटिश होत्या आणि झाहा हदीद, ग्रिमशॉ यांच्या नावाच्या जगद्विख्यात संस्था त्यांत होत्या. इमारतींचे त्रिमितीय आराखडे तयार करणाऱ्या कंपनीच्या ‘रेव्हिट’ या संगणक-प्रणालीविषयी त्यांची तक्रार दुहेरी होती. २०१९ अखेरच्या पाच वर्षांत तिच्या वापराचा खर्च ७० टक्क्यांपर्यंत वाढला. प्रणाली मात्र होती तेथेच राहिली, असे त्यांचे म्हणणे होते.

ग्राहक नाराज असेल तर त्याने दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी, हा बाजारपेठेचा साधा नियम आहे. मग अशा मातब्बर ग्राहकांवर अर्जविनंत्या करण्याची पाळी का यावी? असमाधानी ग्राहकापुढे निघून जाणे आणि आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात, हा विचार अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडला. निघून जाण्याचा धाक असेल तरच आवाजाला वजन येते. येथे नेमका तो धाकच नाहीसा झालेला आहे.

तो कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १९८२ पासून ‘ऑटोकॅड’च्या बळावर या क्षेत्रात अग्रेसर झालेल्या ऑटोडेस्कने २००२ मध्ये १३.३ कोटी डॉलर मोजून रेव्हिटची मूळ कंपनीच विकत घेतली. वास्तुरचनाकार, अभियंता आणि कंत्राटदार यांना एकाच आराखड्यावर काम करावयाचे असते. त्यामुळे एकाने स्वीकारलेली प्रणाली इतरांनाही स्वीकारावी लागते. त्यातही रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे नवी आवृत्ती घेणे हा निर्णय ग्राहकाचा राहतच नाही.

पूर्वी एक पळवाट होती. एकदा कायमचा परवाना घेतला की, नवी आवृत्ती पसंत नसेल तर जुनीवर निदान स्वतःचे काम चालवता येत असे. कंपनीची जुनी आवृत्ती हीच तिच्या नव्या आवृत्तीची खरी प्रतिस्पर्धी होती. २०१६ मध्ये कंपनीने नवे कायम परवाने विकणे बंद केले आणि वर्गणी सुरू केली. वर्गणी थांबली की काम थांबते. अशा स्थितीत उत्पादन सुधारण्याची निकड ओसरावी, यात नवल नाही. भाववाढ आणि गुणवत्तेची कुंठितावस्था हे दोन वेगळे रोग नसून एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

कंपनीची बाजूही अगदीच लंगडी नाही. एकरकमी मोठी किंमत देऊ न शकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला वर्गणी सोयीची पडते आणि संशोधनाचा खर्च कोठून तरी निघावा लागतोच. परंतु वास्तुरचनेच्या बाबतीत रेव्हिटचा विकास पुरेशा वेगाने झाला नाही, ही कबुली कंपनीचे प्रमुख अँड्र्यू ॲनग्नोस्ट यांनीच पत्रानंतर दिली. चोख दाम घेणाऱ्याकडून चोख मालाची अपेक्षा करणे अवाजवी नव्हते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

यावर सरकारी भावनियंत्रण हा उपाय नव्हे. खरी गुरुकिल्ली फाइलच्या स्वरूपात आहे. इमारतींच्या माहितीसाठी ‘आयएफसी’ हे खुले स्वरूप उपलब्ध असून २०१३ मध्ये त्याला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले. रूपांतरात काही माहिती गळते, ही त्याची उणीव खरी. परंतु मोठ्या ग्राहकाने आग्रह धरल्याखेरीज ती दूर होणार नाही. सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे शासन. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना अशी संगणकीय पद्धत सक्तीची केली. अशा सक्तीबरोबर खुल्या स्वरूपाचाही तितकाच काटेकोर आग्रह नसेल, तर सार्वजनिक पैशाने खाजगी मक्तेदारीचाच पाया भक्कम होतो.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून ऑटोकॅड शिकवले जाते. विद्यार्थ्याला कंपनी आपली प्रणाली विनामूल्य देते. पुढे नोकरीत त्याच सवयीचे मोल त्याच्या मालकाला दरवर्षी चुकवावे लागते. विद्यार्थ्याने ही प्रणाली अवश्य शिकावी, पण तिच्या बरोबरीने खुल्या स्वरूपाचीही ओळख करून घ्यावी. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना हे अवघड नाही. सार्वजनिक बांधकामाच्या प्रत्येक निविदेतही अंतिम आराखडे खुल्या स्वरूपात सुपूर्द करण्याची अट असावयास हवी. पुलाचे आयुष्य शंभर वर्षांचे धरतात. त्याचा आराखडा उघडण्यासाठी शंभर वर्षे एकाच कंपनीची वर्गणी भरत राहणे जनतेला परवडणारे नाही.