मिरवणुकीला या, पण सकाळी या

परवा न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. "मावशी, यंदा अनंत चतुर्दशीला आम्ही चौघं पुण्यात असणार. मुलांना विसर्जन मिरवणूक दाखवायची आहे. मी त्यांना सांगितलंय, हा आपला कार्निव्हल!" पाठोपाठ मेलवर वेळापत्रकही आलं. दुपारी झोप काढायची, रात्री आठला बाहेर पडायचं, पहाटेपर्यंत लक्ष्मी रस्त्यावर रोषणाई बघायची, आणि दमल्यावर मावशीच्या घरी.

मावशीचं घर नारायण पेठेत, मिरवणुकीपासून हाकेच्या अंतरावर. आणि मावशी गेली सहा वर्षं त्या दिवशी घराला कुलूप लावून वाईला भावाकडे पळते, हे भाचीला ठाऊक नव्हतं.

लहानपणी आमचे वडील आम्हाला लक्ष्मी रस्त्यावर ओळखीच्या एका दुकानाच्या पायरीवर उभं करायचे. डब्यात दशम्या आणि चटणी. झोप आली की त्यांच्या खांद्यावर डोकं टाकायचं आणि नवीन गणपती आला की तेच हलवून उठवायचे. तेव्हाही मिरवणूक रात्रभर चालायची, पण शेजारच्या माणसाशी बोलता यायचं. पुढे भिंतीएवढे स्पीकर आले. एका वर्षी रात्री आमच्या फडताळातल्या कपबश्या आपोआप वाजायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या आजी तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. त्या कानात कापसाचे बोळे घालून न्हाणीघरात पाटावर बसून होत्या, कारण तिथे आवाज जरा कमी येत होता. पुढच्या वर्षीपासून मी वाई गाठली. आजी कुठे जाणार? त्या तिथेच.

म्हणून भाचीला पहिल्यांदा म्हणणार होते, "येऊच नका." मग फोन ठेवून विचार केला. पेठांतली आमच्यासारखी किती घरं त्या दिवशी बाहेरगावी जातात! वर्षभर आवाजाबद्दल बोलायचं, वर्तमानपत्रांत पत्रं लिहायची, आणि नेमक्या दिवशी रस्ता सोडून द्यायचा. मग रस्त्यावर उरतं कोण? ज्यांना तो आवाज हवा आहे तेच. मंडळं काही हवेत नाचत नाहीत. समोर बघणारे असतात म्हणून नाचतात. कुठल्या वेळी, कुणापुढे गर्दी उभी राहते, त्यावर मिरवणुकीचं रूप ठरतं. बघणाराही मिरवणूक घडवतच असतो.

'कार्निव्हल' शब्दाला माझी हरकत नाही. गोव्यात किंग मोमोची मिरवणूक निघते, लोक हौसेने नाचतात, छानच आहे. पण आपल्याकडे ज्याला निरोप द्यायचा तो स्वतः मिरवणुकीत असतो. त्याच्यासाठी निघालेल्या मिरवणुकीत तोच शोधावा लागला, तर काहीतरी चुकलं म्हणायचं.

तर सांगायचा मुद्दा, मी भाचीचं वेळापत्रक उलटं केलं.

मिरवणुकीला सकाळी यायचं. मंडईत टिळकांच्या पुतळ्यापासून कसबा गणपतीची पालखी निघते. २०२५ साली ती साडेनऊला, म्हणजे नेहमीपेक्षा तासभर आधी निघाली होती. मागोमाग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. हे पाच मानाचे. बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागायचं आणि टिळक चौकापर्यंत, म्हणजे आपल्या अलका टॉकीजपर्यंत जायचं. एरवी अर्ध्या तासाची वाट. पालख्यांपुढच्या रांगोळ्या, ध्वज नाचवणाऱ्या मुली, कमरेला ढोल बांधलेली कॉलेजची पोरं, सगळं उजेडात नीट दिसतं. मुलांना हेच दाखवायचं आहे ना?

मेट्रोने यावं, पण मंडई स्थानकावर उतरू नये, तिथे फार रेटारेटी होते. डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत अलका चौक गाठावा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवावी, गर्दीत मोबाईलचा भरवसा नाही. बायकांनी स्वच्छतागृहाची सोय आधी बघून ठेवावी. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

भाचीची तक्रार, "पण रोषणाई तर रात्रीच!" अगं, मग दोन-चार दिवस आधी या. संध्याकाळी मांडवात जाऊन सजावट, देखावे सावकाश बघा. दगडूशेठचा गणपती पूर्वी पहाटे बघायला मिळायचा. २०२३ साली तो दुपारीच मिरवणुकीत आला आणि रात्री नऊच्या आत विसर्जनही झालं. एवढं मोठं मंडळ वेळ बदलू शकतं, तर आपण का नाही? २०२५ची मिरवणूक बत्तीस तासांच्या वर चालली. ती पूर्ण बघितलीच पाहिजे असा काही नवस नाही.

कुणी म्हणेल, ढोल काय कुजबुजतात का? नाही कुजबुजत. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पथकात तीसच वादक असावेत असं सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला स्वतःला ढोल आवडतो, म्हणून मी त्याला सूट देते, हे कबूल. पण ढोल वाजवणारा दमतो, थांबतो, पाणी पितो. त्या थांबण्यात आजींना श्वास घेता येतो. स्पीकर दमत नाही.

आणखी एक कुणी म्हणेल, वर्षातून एक रात्र, सोसा की थोडं. सोसते, मला पाय आहेत. पण ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांच्या वतीने "सोसा" म्हणायचा हक्क कुणाला?

असो. यंदा मी वाईला जाणार नाही. सकाळी भाचीबरोबर पाच मानाचे गणपती बघणार. संध्याकाळ झाली की पाहुण्यांनी कोथरूडला मुक्कामाला जायचं, मी खालच्या आजींकडे. रात्रभर त्यांच्याजवळ बसेन. मिरवणूक थांबणार नाही, पण निदान त्या न्हाणीघरात एकट्या नसतील.

भाचीचं काल उत्तर आलं. मोठी नात म्हणते, मीपण आजींकडे राहणार. बघू, रात्री दहापर्यंत तरी टिकते का. कापूस मात्र मी आजच आणून ठेवला आहे, तिघींना पुरेल एवढा.