कॉम्प्युटर गेलाय म्हणे

"कॉम्प्युटर गेलाय तुझा," गॅरेजवाला म्हणाला. हा निष्कर्ष त्याने कसा काढला? तर आधी लॅम्डा सेन्सर बदलून पाहिला, गाडी सुधारली नाही, म्हणून. म्हणजे अ नाही, तर ब असणार. आमच्या ऑफिसात कुणी असं डिबगिंग केलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याचा मामा झाला असता. पण गाडीच्या बाबतीत आपण सगळेच मान डोलावतो. मीही डोलावली, सेन्सरचे पैसे मोजले आणि ढुसढुस करणारी गाडी घरी आणली.

गाडी म्हणजे १९९४ ची मिनी. मिस्टर बीन चालवतो ती, फक्त वयाने लहान. ॲलेक इसिगोनिसने आखलेली ही गाडी १९५९ साली आली आणि थेट ऑक्टोबर २००० पर्यंत बनत राहिली. मी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला राहतो आणि ती जिथे बनली तो लाँगब्रिजचा कारखाना माझ्या घरापासून सात मैलांवर होता. होता म्हणायचं, कारण आता तिथे दुकानं आणि घरं आहेत. चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा बायको म्हणाली होती, "ही गाडी आहे की शो-पीस?" दोन्ही. म्हणजे तेव्हा होती.

दुखणं असं सुरू झालं. आधी पेट्रोलचा वास. मग आरपीएम सिग्नलला वरखाली. मग गॅलनला चाळीस मैल देणारी गाडी सव्वीसवर आली. आणि शेवटी एमओटीत नापास. एमओटी म्हणजे इथली वार्षिक तपासणी. ती पास नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आत, माझ्या गाडीचा आकडा तीनच्या पुढे. वर गॅरेजवाल्याचा सल्ला: हा कॉम्प्युटर आता नवीन बनत नाही, जुना मिळाला तर चारपाचशे पौंड, त्यापेक्षा सरळ कार्ब्युरेटर बसव नाहीतर पार्टमध्ये विकून टाक.

हा 'कार्ब्युरेटर बसव' सल्ला मिनीवाल्यांच्या जगात इतका लोकप्रिय आहे की त्याबद्दल लिहायलाच आज बसलोय. माझं मत विचाराल तर हा सल्ला आळशीपणाचा आहे.

आता कार्ब्युरेटरशी माझं काही वाकडं नाही. लहानपणी पुण्यात आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी सकाळी बाबा जेट काढून तोंडाने फुंकायचे आणि मी पान्याचा डबा घेऊन शेजारी उभा. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, कान इंजिनाकडे. बाबांच्या मते गाडी 'सुरात' यायची. फोनवर त्यांना हा प्रकार सांगितला तर म्हणाले, "अरे, पण मग स्क्रू कुठे आहे त्याला?"

तोच तर मुद्दा आहे. स्क्रू नाहीये. (एक आहे, थ्रॉटलचा. त्याला हात लावू नका. कॉम्प्युटरचा सगळा हिशोब तो जागेवर आहे हे धरून चालतो, आणि आरपीएम वाढवायला लोक आधी तोच फिरवून ठेवतात.)

युरोपात १९९३ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावणं भाग पडलं. कन्व्हर्टर नीट चालायचा तर एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत राखावं लागतं. कार्ब्युरेटरला ते जमणं कठीण. म्हणून रोव्हरने त्या जुन्या ए-सिरीज इंजिनावर एकच इंजेक्टर बसवला, कार्ब्युरेटरच्याच जागी. एकच का, तर या इंजिनाच्या हेडमध्ये पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून हवा घ्यायचं एक तोंड आणि तिसऱ्या-चौथ्याला मिळून दुसरं. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं! शिवाय फायरिंग ऑर्डर अशी की दोन्ही बिऱ्हाडं लागोपाठ पाणी भरायला येतात आणि मग बराच वेळ नळ कोरडा. प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल मोजून द्यायची तिथे सोयच नव्हती. १९९६ च्या शेवटी दोन इंजेक्टरवाली मिनी आली, तीही याच तोंडांशी जुळवून घेत. एका १९५१ सालच्या इंजिनाला नव्वदीतला कॉम्प्युटर लावणं म्हणजे काय, हे लेगसी कोडवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

या कॉम्प्युटरचं नाव मेम्स. तो किती पेट्रोल सोडायचं हे कसं ठरवतो? आत येणारी हवा तो मोजतच नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून हवा किती असेल याचा तो अंदाज बांधतो. इंजिन थंड आहे की गरम हे कूलंटच्या सेन्सरकडून विचारतो. आणि धुरातला ऑक्सिजन बघून लॅम्डा सेन्सर सांगतो, जास्त झालं किंवा कमी झालं. त्याप्रमाणे तो सुधारणा करतो, पण ठरावीक मर्यादेतच. म्हणजे कॉम्प्युटर गणितात क्वचित चुकतो. त्याला माहिती खोटी मिळते. इंजेक्शनच्या गाडीचं ट्यूनिंग म्हणजे खोटं कोण बोलतंय ते शोधणं. लॅम्डा 'रिच आहे, रिच आहे' म्हणून ओरडत होता, तर गॅरेजवाल्याने त्यालाच बदललं. खरं बोलणाऱ्यालाच नारळ!

एवढं ज्ञान पाजळतोय, तर माझाही पराक्रम ऐका. जुन्या जाणत्या मिनीवाल्यांकडून ऐकलं होतं की कूलंट सेन्सर हमखास जातो. तो 'इंजिन थंड आहे' असंच सांगत राहिला तर कॉम्प्युटर पेट्रोल ओततच राहतो. डॅशबोर्डचा काटा नॉर्मल दाखवतो, कारण त्याचा सेन्सर वेगळा. लक्षणं सगळी जुळली. म्हटलं, सापडला! नवीन सेन्सर मागवला. तो बसतो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, माझ्या हाताला चार सांधे जास्त असते तर पोचला असता अशा जागी. अख्खा शनिवार गेला, बोटं सोलवटली, ड्राइव्हवेवर कूलंट सांडलं. गाडी सुरू केली. फरक शून्य.

रविवारी जुना सेन्सर मल्टिमीटरला लावून पाण्याच्या पातेल्यात उकळला. (पातेलं दुधाचं होतं. त्यावर घरात वेगळी चर्चा झाली.) वीस डिग्रीला सुमारे अडीच हजार ओहम, ऐंशीला तीनशेच्या आसपास. ठणठणीत सेन्सर! म्हणजे गॅरेजवाल्याने जे केलं तेच मी केलं, फक्त मजुरी न घेता.

मग शहाणपण सुचलं. मेम्सला तीन पिनांचा एक डायग्नॉस्टिक प्लग असतो. हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी त्याची भाषा उलगडून फुकट सॉफ्टवेअर लिहून ठेवलंय. ९६०० बॉड, पाच व्होल्टची सिरीयल केबल. कॉलेजात मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला झोपा काढल्या नसतील तर अर्ध्या तासाचं काम. लॅपटॉप सीटवर ठेवला आणि इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं. कूलंट ८७ डिग्री, म्हणजे बरोबर. मॅनिफोल्डचा दाब: ६१ किलोपास्कल.

इथे थांबलो. बाहेरच्या हवेचा दाब शंभरच्या आसपास. गाडी नुसती उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे आत तीस-चाळीस असायला हवेत. ६१ म्हणजे गाडी चढ चढतेय. कॉम्प्युटरला वाटत होतं मी लिकी हिल्स चढतोय, आणि मी ड्राइव्हवेत उभा!

आता दाबाचा सेन्सर कॉम्प्युटरच्या पोटातच असतो आणि मॅनिफोल्डपासून तिथवर एक बारीक नळी जाते. मध्ये पेट्रोलचे थेंब अडवणारी एक प्लॅस्टिकची डबी, आणि जोडाला रबरी एल्बो. इंजिनाच्या उष्णतेत आणि पेट्रोलच्या वाफेत तीस वर्षं राहिलेलं रबर. बोटाने वाकवला तर एल्बोला आतल्या बाजूने चीर. नळी बारीक असल्याने त्या चिरेतून इंजिनात जाणारी हवा किरकोळ, पण सेन्सरपाशी दाब मात्र भलताच वाढतो. कार्ब्युरेटरवर वाढलेला माणूस इथे हमखास फसतो. त्याचा अनुभव सांगतो की हवा लीक झाली की मिक्स्चर लीन होतं. इथे लीक सेन्सरच्या नळीत, त्यामुळे मिक्स्चर उलट रिच.

नळी आणि एल्बोंचा सेट अकरा पौंडाला मिळाला. बसवला तर आकडा ३५. आरपीएम स्थिर, वास गायब.

कार्ब्युरेटरवाल्यांची बाजू मला कळते. रस्त्यात बंद पडली तर स्क्रू ड्रायव्हरने सुरू होते, आणि मेम्सचे पार्ट उद्या मिळतील याची खात्री नाही. पण माझ्या गाडीसारख्या १९९४ च्या गाडीला एमओटीत कन्व्हर्टरवाल्या गाडीच्याच मर्यादा लागतात. कार्ब्युरेटर बसवून त्या पाळणं जवळपास अशक्य. आणि नियम बाजूला ठेवला तरी, ही गाडी माझ्या शेजाऱ्यांच्या मुलांच्या नाकासमोरून जाते. हौस माझी आणि धूर त्यांना, हे काही बरोबर नाही. बर्मिंगहॅमच्या मध्यभागात २०२१ पासून अशा जुन्या गाडीला दिवसाला आठ पौंड पडतात, त्याबद्दलही मी कुरकुर करत नाही. म्हणजे, फार करत नाही.

शिवाय कित्येक महिने रिच चाललेली गाडी कन्व्हर्टर जाळून टाकते. न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं, आतली जाळी तापून वितळते. माझा वाचला, तो नशिबाने. 'कॉम्प्युटर गेलाय' ऐकून आणखी सहा महिने तशीच चालवली असती तर खरंच काहीतरी गेलं असतं.

गेल्या गुरुवारी पुन्हा एमओटी झाली. कार्बन मोनॉक्साइड ०.१ टक्का, लॅम्डा १.०१. तपासणाऱ्याने कागद दिला आणि खाली एक सूचना लिहिली: मागच्या सबफ्रेमला गंज. बघितलं जाऊन. तिथे लॅपटॉप लावायची गरज नाही, बोट सरळ आत जातं. पुढचा विकांत त्यातच.