पहिल्या मात्रेपूर्वी

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या डोंगराळ तालुक्यांतील एखाद्या अविवाहित तरुणास कर्करोग जडतो, तेव्हा पुण्याच्या इस्पितळात पोहोचेपर्यंत घरच्यांच्या मनात त्याचा जीव वाचावा याहून दुसरा विचार नसतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु सायक्लोफॉस्फामाइडसारखी जी औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींचा संहार करतात, ती वृषणातील बीजोत्पादक पेशींनाही सोडत नाहीत, आणि गेलेली शक्ती काहींत वर्षांनी परतते, काहींत कधीच नाही, हे पहिल्या मात्रेपूर्वी सांगणे वैद्याचे कर्तव्य होय. उपाय दुःसाध्य नाही. वीर्य द्रवरूप नत्रवायूत उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षे टिकते, आणि नमुना देण्यास बहुधा एक-दोन दिवस पुरतात. २०१३ साली जर्मनीत मेंदूच्या कर्करोगाचे निदान झालेल्या एका पुणेकर तरुणाचे वीर्य असेच जतन केले होते. २०१६ मध्ये तो निवर्तला आणि २०१८ मध्ये त्याच्या मातेस सरोगसीद्वारे जुळी नातवंडे लाभली. (मरणोत्तर वापराच्या नीतीचा वाद निराळा.) वयात न आलेल्या मुलांसाठी मात्र ऊतक गोठवण्याचे प्रयोग अद्याप प्रयोगच आहेत.

खरा अडसर संकोचाचा आणि पैशाचा. वडीलधाऱ्यांदेखत हा विषय निघत नाही. म्हणून तरुणास एकांतात विचारावे, त्याच्या उत्तराची नोंद उपचाराच्या दप्तरात सक्तीची करावी, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वीर्यजतनाच्या खर्चाची तजवीज सरकारने विनाविलंब करावी.