संप्रेरकतज्ज्ञ घडतील, पण बसतील कुठे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. संप्रेरकतज्ज्ञांच्या जागा वाढवाव्यात, ही मागणी त्यानंतर होणे स्वाभाविकच. ती रास्त आहे, परंतु अपुरी आहे.

या शाखेची वाट लांबची आहे. आंतरवासितेसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, वैद्यकशास्त्र किंवा बालरोग विषयातील एमडीची तीन आणि त्यानंतर डीएमची तीन. प्रवेशपरीक्षांत एकही वर्ष वाया गेले नाही, तरी डॉक्टर तिशीला टेकतो. एवढ्या तपश्चर्येनंतर तो जिल्ह्याच्या गावी जाण्यास तयार झाला, तर बहुतेक जिल्हा रुग्णालयांत त्याच्या विषयाचे स्वतंत्र पदच नसते. पद नाही म्हणून डॉक्टर येत नाही आणि डॉक्टर येत नाही म्हणून पद मंजूर होत नाही, हे चक्र मी प्रशासनात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

दुसरी अडचण अर्थकारणाची. या शाखेत शस्त्रक्रिया नाही, यंत्रांचा झगमगाट नाही. रक्ततपासणी, औषधाची मात्रा आणि रुग्णाशी सविस्तर संवाद हीच तिची आयुधे. हे सारे बाह्यरुग्ण विभागात घडते. आयुष्मान भारत विम्याचे संरक्षण मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांना आहे. म्हणजे मधुमेहाने पाय सडल्यावर शासन खर्च करते. तो सडू नये म्हणून करावयाचा खर्च बहुतांशी रुग्णाच्याच खिशातून होतो.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला येथे कांगडा खोरे आठवते. १९५६ पासून तेथे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला व गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ग्रंथींचे शास्त्र किराणा दुकानातील मिठाच्या वाटेने घराघरांत पोहोचले, कारण तज्ज्ञाच्या ज्ञानाला शासकीय यंत्रणेची जोड मिळाली.

दहा कोटी मधुमेहींना तज्ज्ञाने स्वतः तपासणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना शिकवावे, बालवयातील मधुमेहाचे रुग्ण सांभाळावेत, नवजात बालकांच्या थायरॉईड तपासणीवर देखरेख ठेवावी. जन्मजात थायरॉईड-न्यूनता पहिल्या काही आठवड्यांत ओळखली, तर स्वस्त गोळीने बालकाची बुद्धी वाचते. विलंबाने झालेली हानी भरून येत नाही. केरळने शासकीय रुग्णालयांत ही तपासणी सुरू केली आहे. अन्य राज्यांना ते अशक्य असण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून डीएमच्या जागा वाढवतानाच प्रत्येक जिल्ह्यात, ते न जमल्यास दोन-तीन जिल्ह्यांत मिळून, संप्रेरकतज्ज्ञाचे एक पद निर्माण करावे. बंधपत्रित सेवा त्याच पदावर घ्यावी आणि इन्सुलिन व बाह्यरुग्ण उपचारांना विम्याच्या कक्षेत आणावे. अन्यथा नवे तज्ज्ञ घडतील, ते महानगरांत दाटी करतील आणि जिल्ह्याचा रुग्ण पूर्वीप्रमाणेच रात्रीची एसटी किंवा रेल्वे पकडत राहील.