पाहुणी कुठे झोपते, घरची बाई कुठे झोपते?



आमच्या संघटनेच्या कार्यालयात येणाऱ्या तरुण मुलींच्या बोलण्यात हल्ली एक विषय वारंवार येतो. पाठीवर पिशवी टाकायची, एकटीनं किंवा दोघीतिघींनी मिळून परदेशात निघायचं, आणि हॉटेलात न उतरता कुणाच्या तरी घरी राहायचं. त्यांचं ऐकताना मला मनापासून आनंद होतो. ज्या घरांतून शेजारच्या गावच्या जत्रेला जायचं तरी मुलीसोबत धाकटा भाऊ पाठवला जायचा, त्याच घरांतल्या या मुली आहेत. बाईचं हिंडणं हा आपल्याकडे कायम चारित्र्याचा प्रश्न राहिला. ‘भटकभवानी’ हा शब्दच बघा. पुरुषासाठी त्याचं पुल्लिंगी रूप करायची गरज भाषेला कधी पडली नाही.

तरीही या आनंदात एक प्रश्न राहून जातो असं मला वाटतं. ज्या घरात आपण उतरतो, त्या घरातल्या बाईचं काय? आपण ‘घरच्यासारखं वाटलं’ म्हणून परत येतो. ते घरच्यासारखं कुणी करून ठेवलेलं असतं?

२०२२ साली दिवाळी आटोपल्यावर मी आणि माझी एक जुनी मैत्रीण, दोघी पन्नाशी ओलांडलेल्या, नेपाळला गेलो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची सीमा, पुढे भैरहवा, बुटवल, पाल्पा करत बसनं पोखरा. सगळं सामान पाठीवर. मग लमजुंग जिल्ह्यातल्या एका गुरुङ गावात आठ दिवस एका कुटुंबात राहिलो. भारतीयांना नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट असला की झालं. सुनौलीला तर आम्ही कमानीखालून चालतच पलीकडे गेलो. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

उलट दिशेनं येणाऱ्या मुलींना मात्र विचारतात. कुठे चाललीस, कुणाबरोबर, हा कोण लागतो, घरचा फोन नंबर दे. मुलींची विक्री रोखण्यासाठी १९९३ साली सुरू झालेल्या माइती नेपाळसारख्या संस्थांच्या कार्यकर्त्या सीमेवर उभ्या असतात. त्यामागचं कारण आपल्याला, विशेषतः मुंबईत काम केलेल्यांना, सांगायला नको. १९९६ च्या फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यातल्या कुंटणखान्यांवर धाडी पडल्या आणि शेकडो मुली सोडवल्या गेल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. त्यांना परत घ्यायला तिथलं सरकार पुढे येईना, तेव्हा नेपाळमधल्या संस्थांनी शंभराहून जास्त मुलींना मायदेशी नेलं. त्याच मुलींपैकी काहींनी ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. विकल्या गेलेल्या मुलींनी स्वतः चालवलेली ती संघटना आज जगभर ओळखली जाते आणि २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे सीमेवरची चौकशी फुकाची नाही.

पण याच चौकशीतून पुढे काय काय निघतं तेही पाहू या. २०१२ साली नेपाळ सरकारनं तीस वर्षांखालच्या स्त्रियांना घरकामासाठी आखाती देशांत जायला बंदी केली. २०१७ साली संसदीय समितीच्या निर्देशानंतर ही वाट आणखी आवळली गेली. बाया थांबल्या नाहीत. त्या दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून कागदपत्रांशिवाय जाऊ लागल्या, म्हणजे जास्तच दलालाच्या हातात गेल्या. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तिथल्या इमिग्रेशन खात्यानं प्रस्ताव मांडला की चाळिशीच्या आतल्या स्त्रीला आखातात किंवा आफ्रिकेत भेटीच्या व्हिसावर जायचं तर कुटुंबाचं आणि वॉर्ड कार्यालयाचं संमतीपत्र लागेल. काठमांडूत बायका रस्त्यावर उतरल्या. मजुरीला गेलेल्या पुरुषांची पिळवणूक काय कमी होते? कतारमधून शवपेट्या येतात त्या पुरुषांच्याच जास्त. पण त्यांच्याकडे बायकोचं संमतीपत्र कुणी मागितलं नाही.

आता त्या घराकडे येते. घरात सासू, सून आणि सुनेची सहा वर्षांची मुलगी. सासरे भारतीय लष्करातल्या गुरखा रेजिमेंटमध्ये होते. ते वारले, त्यांच्या पश्चात सासूला निवृत्तिवेतन मिळतं. मुलगा मलेशियात. ज्या गावात आठवडाभर हिंडून धडधाकट तरुण पुरुष बोटांवर मोजावे लागतात, तिथे ‘यजमान कुटुंब’ म्हणजे बायाच. आम्ही सासूला ‘आमा’ म्हणू लागलो, सुनेला ‘बहिनी’. तिनं आम्हाला ‘दिदी’ केलं. ही नाती पहिल्या संध्याकाळीच जडतात, कारण तिकडे अनोळखी माणसालाही नात्यानंच हाक मारतात. आपल्याकडच्या ताई-मावशीसारखंच.

बहिनी पहाटे साडेचारला उठायची. म्हशीचं शेण काढणं, धाऱ्यावरून पाणी, चूल, चहा. मग पाठीवर डोको, म्हणजे बांबूची निमुळती टोपली, तिचा पट्टा कपाळावर घेऊन ती गवताला जायची. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. सगळा भार मानेवर येतो. माझ्या पाठीवरच्या पिशवीला कमरेचा पट्टा होता, खांद्यांना गादी होती, आणि आत माझेच कपडे. एकाच पायवाटेवर आम्ही दोघी ओझं घेऊन चाललो होतो. येणारे-जाणारे माझं कौतुक करत होते, या वयात एवढं चालता म्हणून! तिचं कौतुक कोण करणार?

घरातल्या खुणा ओळखीच्या होत्या. जात्याला तिकडे ‘जाँतो’ म्हणतात. आपली नाचणी म्हणजे तिकडचा ‘कोदो’. त्याचा धिंडो आमच्या कोकणातल्या बाईला नवा वाटायचं कारण नाही. तिसऱ्या दिवशी मी जात्याला हात लावला तेव्हा आमा हसल्या, पण भांडी घासू दिली नाहीत. समितीचा नियम आहे, पाहुण्यांना कामाला लावायचं नाही, असं म्हणाल्या. मला ‘छोरी’, म्हणजे मुलगी, म्हणत होत्या, पण घरच्या मुलीच्या वाटणीला जे येतं ते माझ्या वाटणीला येणार नव्हतं. ‘घरच्यासारखं’ या शब्दाचा खरा अर्थ तिथे उलगडतो. घरात असताना आपण जे करतो तेच दुसऱ्या बाईनं आपल्यासाठी केलं की आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पुरुषांना हे सुख जन्मभर मिळतं. आपल्याला ते पैसे देऊन आठ दिवस मिळतं, म्हणून त्याची गोडी अधिक.

आम्हाला दिलेली खोली स्वच्छ होती. पलंग, जाड रजई, भिंतीवर लग्नाचा फोटो. ती बहिनीची खोली होती. पाहुणे असले की ती आणि मुलगी स्वयंपाकघरात, चुलीशेजारी गुन्द्री अंथरून झोपतात. मोसमात पाहुणे जवळजवळ रोज. म्हणजे वर्षातले काही महिने त्या बाईला स्वतःचा बिछाना नाही.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही गेला नसता तर तेवढेही पैसे मिळाले नसते. खरं आहे, आणि म्हणूनच जाऊ नका असं मी म्हणत नाही. नेपाळमध्ये गावानं मिळून पाहुणे ठेवायची पद्धत स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी गावात १९९७ च्या सुमारास सुरू झाली. नंतर सरकारनं नियमावली केली. त्यात सामुदायिक होमस्टेसाठी किमान पाच घरांनी एकत्र यावं लागतं. आमच्या गावात पाहुणा कुठल्या घरी जाणार हे समिती पाळीपाळीनं ठरवत होती, दर एकच होता, आणि मिळकतीतला वाटा गावाच्या फंडात जात होता. त्यामुळे घराघरांत चढाओढ नव्हती, आणि रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक ओढायची पाळी कुणावर येत नव्हती. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यांवर काय चालतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल.

शिवाय त्या डोंगरांत ‘आमा समूह’ आहेत, गावातल्या बायांचे गट. १९८६ साली घान्द्रुकपासून अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं काम सुरू झालं, त्यात या गटांना मोठी चालना मिळाली. पाहुण्यांसमोर नाचून-गाऊन, देणग्या गोळा करून त्या पायवाटा बांधतात, शाळेला मदत करतात. आमच्या गावातही फंडाच्या वहीवर आमा समूहाच्या अध्यक्षांची सही लागत होती. मात्र होमस्टे समितीचे अध्यक्ष पुरुष होते. गावात पुरुष एवढे थोडे, तरी खुर्चीपुरता एक सापडतोच!

पोखऱ्यात छेत्री भगिनींचं उदाहरण आहे. लकी, डिकी आणि निकी. १९९० च्या दशकात त्या पाहुण्यांसाठी लॉज चालवत होत्या. एकट्यानं ट्रेकला जाणाऱ्या परदेशी बायका परत येऊन पुरुष वाटाड्यांकडून झालेल्या त्रासाबद्दल सांगायच्या. त्यातून या बहिणींनी बायांना वाटाड्याच्या कामाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, पुढे १९९९ मध्ये त्यासाठी वेगळी संस्था काढली. प्रवासी स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न स्थानिक स्त्रीच्या रोजगाराशी जोडला गेला. तिथे जाणारी स्त्री आणि तिथली स्त्री यांचं हित एक असू शकतं ते असं, पण आपोआप नव्हे. ते कुणीतरी बसून जुळवावं लागतं.

सहाव्या दिवशी बहिनीबरोबर धाऱ्यावर कपडे धूत होते. तिनं विचारलं, दिदी, तुम्हाला घरून कुणी जाऊ दिलं? मी म्हटलं, मीच ठरवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मलाही जायचं होतं, कुवेतला, मैत्रिणीबरोबर. नवऱ्यानं फोनवर नाही म्हटलं, सासूनं नाही म्हटलं, आणि वॉर्डातल्या माणसानं तर ऐकूनही घेतलं नाही. तिला मलेशियातून येणाऱ्या पैशांचा हिशेब तोंडपाठ होता. आमच्या आठ दिवसांच्या पैशांतलं तिच्या हातात किती येणार, हे मात्र तिला माहीत नव्हतं. ते पैसे समितीकडून आमांकडे जात होते. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. आमा चांगल्या आहेत, मागितलं की देतात, म्हणाली. मागितलं की!

हे सगळं इथे लिहायचं कारण आपल्या दारातच आहे. महाराष्ट्रात पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना बरीच वर्षं आहे. २०२३ साली राज्य सरकारनं महिलांसाठी पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. चांगली गोष्ट आहे. पण धोरणाचं नाव काय, तर ‘आई’! बाई धंदा करायला निघाली तरी तिनं आईच राहायचं, वाढायचं आणि पाहुण्याचं पोट भरलं की तृप्त व्हायचं. आईचा ताशी दर कुणी ठरवत नाही.

सिंधुदुर्गात मी अशी घरं पाहिली आहेत. फलकावर नाव भाऊंचं, खातं भाऊंचं, आणि मोदक वळणारी, चादरी धुणारी, मध्यरात्री आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा भात टाकणारी वहिनी. त्यांना विचारलं तर म्हणतात, वेगळं काय करायचं, घरचं तेच चार माणसांना जास्त. या ‘चार माणसांना जास्त’चे तास कुणी मोजलेत का?

लमजुंगच्या त्या गावात एक गोष्ट बायांनी आपल्या बैठकीत ठरवून घेतली होती. भातकापणीचे दोन आठवडे गावात एकही पाहुणा घ्यायचा नाही. समितीच्या अध्यक्षांना ते पटलं नव्हतं, कारण मोसम तोच असतो. बायांनी सांगितलं, मग तुम्ही रांधा. पाहुणे बंद झाले.

आमच्या तालुक्यातले दोन बचत गट पुढच्या मोसमापासून घरं पाहुण्यांना उघडायच्या विचारात आहेत. दर काय लावायचा, शौचालय कसं बांधायचं, कर्ज कुठून काढायचं, यावर चर्चा चालू आहे. पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. परवाना आणि खातं रांधणाऱ्या बाईच्या नावावर असावं. एकत्र घरात सासू आणि सून दोघींच्या नावे वाटा वेगळा लिहावा. आणि अर्ज भरायच्या आधी प्रत्येक घराचा नकाशा कागदावर काढावा, त्यात पाहुण्यांची खोली दाखवावी, आणि पाहुणे असताना घरची बाई रात्री कुठे झोपणार ती जागाही दाखवावी.