स्वस्त पेलेट, महाग शॉट

वीकेंडला नेमबाजी करणाऱ्या आमच्यासारख्या हौशी मंडळींमध्ये एक विषय कधीच संपत नाही: पेलेट कुठे स्वस्त मिळतात. पेलेट म्हणजे एअर रायफल आणि एअर पिस्तुलाचे शिशाचे छर्रे, ४.५ मिलिमीटरचे, मधे कंबर बारीक असलेले. कोण म्हणतं अमुक दुकानात डब्यामागे पन्नास रुपये कमी, कोण म्हणतं तमक्या मित्राचा भाऊ परदेशातून येतोय. आणि ही चर्चा करणाऱ्याच्या हातात दीड-दोन लाखांचं इम्पोर्टेड पिस्तुल असतं! :)

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेक जण पैसे वाचवतात चुकीच्या ठिकाणी आणि उडवतातही चुकीच्या ठिकाणी. शिकाऊ माणूस महागडे मॅच पेलेट उडवतो. बऱ्यापैकी तयारीचा माणूस पेलेटमध्ये काटकसर करतो. आणि दोघंही गरजेच्या दुप्पट शॉट मारतात.

आता जरा हिशेब करू. (घाबरू नका, नववीतलं गणित आहे.)

हात हलल्यामुळे पडणारा फरक आणि पेलेटच्या दर्जामुळे पडणारा फरक, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अशा स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. समजा एका नवशिक्याचा हात ४० मिलिमीटर पसरतो. साधा पेलेट ८ मिलिमीटर पसरतो, भारी मॅच पेलेट ३ मिलिमीटर. साध्या पेलेटने एकूण पसारा होतो ४०.८, भारी पेलेटने ४०.१. म्हणजे तिप्पट पैसे मोजून मिळालं काय, तर पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही.

आता ज्याचा हात ६ मिलिमीटरमध्ये राहतो असा रायफलवाला घ्या. साध्या पेलेटने त्याचा पसारा १०, भारी पेलेटने ६.७. इथे मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्र्याची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात हे खरं, पण त्यासाठी छर्र्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडावं लागतं. एअर पिस्तुलात दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, त्यामुळे तिथे ही मर्यादा आठ मिलिमीटर. म्हणजे पिस्तुलवाल्याला साधा पेलेट बराच काळ चालतो, रायफलवाल्याला त्यापेक्षा लवकर सोडावा लागतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रोग्राम डेटाबेसपाशी अडकत असेल तर लूपमधले दोन मिलिसेकंद वाचवून काय उपयोग? आधी मोजा, मग सुधारा.

मोजायचं कसं? वाळूची पिशवी टेबलावर ठेवा, हत्यार तिच्यावर टेकवा आणि दहा शॉट मारा. मग नेहमीसारखे उभं राहून दहा मारा. उभ्याने आलेला ग्रुप टेकवून आलेल्या ग्रुपच्या पाचपट किंवा जास्त असेल, तर पेलेट बदलून दोन टक्केच फरक पडणार. साधा डबा घ्या आणि निवांत राहा. हे प्रमाण दुपटीच्या आसपास आलं, की मग चांगल्या पेलेटवर पैसे खर्च करा, आणि बिनधास्त करा. तेव्हाही डोळे झाकून दहा डबे घेऊ नका. भारी डब्यांवर बॅच नंबर असतो, काहींवर ४.४९, ४.५० असा व्यासही छापलेला असतो. वेगवेगळ्या बॅचचा एकेक डबा घ्यायचा, टेकवून ग्रुप काढायचा, आणि आपल्या बॅरलला जी बॅच मानवते तिचे डबे चार-पाच जणांनी मिळून मागवायचे. प्रत्येकाचं बॅरल वेगळं हे लक्षात ठेवा. मित्राला मानवली ती तुम्हाला मानवेलच असं नाही.

हा झाला दर. पण बिल ठरतं दर गुणिले संख्या असं, आणि संख्येकडे कोणी बघतच नाही.

एअर पिस्तुल किंवा एअर रायफलच्या मॅचमध्ये ६० शॉट असतात. (महिलांना आधी ४० असायचे, २०१८ पासून त्यांनाही ६०.) रविवारी रेंजवर येणारा हौशी मात्र दीड तासात दीडशे उडवून मोकळा होतो. आठवडाभर खुर्चीत बसलेला खांदा साठ-सत्तरनंतर दमतो, आणि पुढचे ऐंशी शॉट म्हणजे वाईट सवयींचा पैसे भरून केलेला रियाज. वर्षाचे ४८ रविवार धरले तर ७,२०० पेलेट. पेलेटला दोन रुपये धरा (आकडा हिशेबाला सोपा म्हणून घेतलाय, तुम्ही तुमच्या दुकानदाराचा घाला), तर १४,४०० रुपये. साठवर थांबलात तर ५,७६०. नवशिक्या असाल आणि साधा पेलेट साठ पैशाला पडत असेल, तर १,७२८. वर्षाचे! यापेक्षा जास्त आपण एका महिन्यात कॉफीवर घालवतो.

बाकीचा सराव कुठून आणायचा? घरच्या भिंतीवरून. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, टार्गेट नाही, पेलेट नाही, फक्त साईट बघायची आणि ट्रिगर दाबायचा. याला ड्राय फायर म्हणतात. जगातले मोठमोठे नेमबाज हे करतात, आणि काटकसर हे त्यामागचं कारण नसतं. टार्गेट समोर नसलं की दहाचा मोह नसतो, आणि ट्रिगर दाबताना मनगट कसं झटका देतं ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. रोज पंधरा मिनिटं पुरतात. दोन पथ्यं मात्र पाळायचीच. हत्यार रिकामं आहे हे दोनदा तपासायचं आणि पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायचा. आणि स्प्रिंगवाली साधी एअरगन रिकामी चालवायची नाही, पिस्टन आणि सील खराब होतात. मॅचच्या हत्यारात ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरायची.

रेंजवर मारलेल्या प्रत्येक शॉटचं पूर्ण मोल वसूल करायचं असेल तर अजून एक सवय लावा. शॉट सुटला की मॉनिटर बघण्याआधी मनात सांगायचं: 'नऊ, उजवीकडे खाली'. मग बघायचं. अंदाज जुळला तर काय चुकलं ते तुम्हाला कळलंय. जुळला नाही तर तुम्ही ट्रिगर दाबताना दुसरीकडेच बघत होता. असे चाळीस शॉट न बघता मारलेल्या दीडशेपेक्षा जास्त शिकवतात.

काही काटकसरी मात्र अजिबात नकोत. ट्रॅपमध्ये पडलेले छर्रे परत वापरणं, घेर दबलेले छर्रे 'सरावाला चालतात' म्हणून खपवणं, दोन बॅच एकत्र करणं. यात वाचतात चार आणे आणि जातो आपल्या हातावरचा विश्वास. आणि शिसं विषारी असतं, हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

आता कोणी म्हणेल, स्वतःच्या पैशाने उडवतो, तुला काय त्रास? मुद्दा रास्त आहे. पण रेंजवर आपण एकटे नसतो. शेजारच्या लेनमध्ये कॉलेजचं पोरगं क्लबचं पिस्तुल घेऊन उभं असतं, त्याच्याकडे महिन्याला एकच डबा असतो. ते आपल्याकडे बघून शिकतं. आपण दर रविवारी भारी डबे उपसताना दिसलो, तर ते एवढंच शिकतं की हा खेळ पैसेवाल्यांचा आहे. अशी पोरं दोन-चार महिन्यांत यायची बंद होतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. त्याच्या घरच्यांनी या खेळासाठी कर्ज काढल्याच्या बातम्या तेव्हा आपण सगळ्यांनीच वाचल्या आणि फॉरवर्डही केल्या. त्याचा प्रकार पॉइंट टू-टूचा. तिथे लायसन्स लागतं, काडतूस पेलेटच्या कितीतरी पट महाग असतं, आणि रिमफायर असल्यामुळे रिकामी केस पुन्हा भरण्याचा अमेरिकन हौशी लोकांचा मार्गही बंद. त्या पातळीवर खर्च टळत नाही. पण सुरुवातीच्या पायरीवर, एअर पिस्तुल आणि एअर रायफलवर, तो नक्की टळतो. तिथे 'परवडत नाही' म्हणून कोणी परत जात असेल, तर ते आपण पसरवलेल्या चुकीच्या समजुतीमुळे.

तेव्हा पुढच्या रविवारी एक प्रयोग करा. साठ छर्रे मोजून घ्या, उरलेला डबा गाडीत ठेवा. सत्राच्या शेवटी वेळ उरला तर शेजारच्या पोराला भिंतीवरचा सराव दाखवा. फुकट आहे.

बघा पटतंय का.